मनी प्लांटच्या एका फांदीला कोरी पांढरी पानं येतायत – ठेवू की छाटू?

ग्रिलमधली_बाग
बोरिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहते. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्यामुळे खिडकीच्या ग्रिलमध्ये सकाळी थोडा वेळ ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड. तिथे मार्बल क्वीन जातीचा मनी प्लांट आहे, हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे असतात तो. पावसाळ्यापासून त्याच्या एकाच फांदीला येणारं प्रत्येक नवीन पान कोरं पांढरं निघतंय, हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. बाकीचा वेल नेहमीसारखाच आहे.

दिसतं फार देखणं. शेजारच्या काकू म्हणतात लोह कमी पडलंय, कुंडीत गंजका खिळा पुरून ठेव. नवरा म्हणतो फांदी वेगळी लाव, असली झाडं ऑनलाइन महाग विकली जातात. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. हरितद्रव्यच नसेल तर ते पान जगतंय कशावर?

टवाळ_दादरकर
महाग म्हणजे किती? आमच्या गच्चीवर टाकीभोवती मनी प्लांटचं जंगल झालंय. हिरवाच आहे, पण घरात पांढऱ्या डिस्टेंपरचा अर्धा डबा उरलाय.

नेरळचा_नर्सरीवाला
ताई, छाटा. वेगळी लावायच्या भानगडीत पडू नका.

कोरा पांढरा फुटवा गिऱ्हाईक हौसेने नेतं आणि काही दिवसांनी "तुमचं झाड मेलं" म्हणून भांडायला येतं. वेलाला जोडलेला आहे तोवर ठीक. तोडून पाण्यात लावलात तर देठात जी शिल्लक आहे तिच्यावर एखादं मूळ फुटेल, मग संपला. ऑनलाइन महाग जातात ती हिरवं-पांढरं मिश्र असलेली झाडं.

कापायचं कुठे ते सांगतो. फांदीवरून मागे मागे या. ज्या पेराला दोन्ही रंगांचं पान आहे आणि तिथे देठाच्या सालीवरही हिरवी रेघ दिसते, त्या पेराच्या जरा वर कात्री चालवा. त्या डोळ्यातून मिश्र फुटवा यायची शक्यता सगळ्यात जास्त. उलटंही लक्षात ठेवा: एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर तीही काढा. तिच्याकडे खायला जास्त असतं, ती जोमाने वाढते आणि बघता बघता सगळा वेल हिरवा होतो. कमी उजेडात तर हमखास.

खिळ्याचं म्हणाल तर लोह कमी पडल्यावर कोवळं पान पिवळं पडतं पण शिरा हिरव्या राहतात, आणि ते सगळ्या झाडावर दिसतं. एकाच फांदीला लोह मिळत नाही असं होत नाही.

शंकासूर
नर्सरीवाले, इतक्या लवकर कात्री कशाला? उजेड कमी म्हणून पांढरं, असं साधं असू शकतं. नवरात्रात घट बसतात तेव्हा देवघराच्या कोपऱ्यात धान्य पिवळंधमक उगवतं की नाही? तेच दसऱ्यानंतर उन्हात ठेवलं तर हिरवं होतं. ताईंनी कुंडी गच्चीवर नेऊन बघावी.

निवृत्त_मास्तर
शंकासूर, घटाचं उदाहरण उत्तम आहे, पण ते तुमच्या विरुद्ध साक्ष देतं.

अंधारात उगवलेल्या गव्हाच्या पेशींमध्ये लवकं (हरितद्रव्य ज्यांत भरतं ती पेशीतली अंगकं) असतात, तयारीत असतात, फक्त थांबलेली असतात. हरितद्रव्याच्या आधीचा पदार्थ तिथे बनून पडलेला असतो. त्याचं हरितद्रव्यात रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) सपुष्प वनस्पतींमध्ये उजेड पडल्याशिवाय कामच करत नाही. आतली पटलंही जाळीसारख्या गोळ्यात गुंडाळून ठेवलेली असतात. उजेड मिळाला की काही तासांत पटलं उलगडतात, हरितद्रव्य भरतं, पातं हिरवं दिसू लागतं. (पाइनच्या रोपांकडे अंधारात चालणारं दुसरं विकर आहे, ती काळोखातही हिरवी उगवतात. विषयांतर झालं, असो.)

ताईंच्या वेलात शेजारच्या फांद्या त्याच उजेडात हिरव्या आहेत. म्हणजे उजेडाची वाट बघणं हे कारण नाही. त्या फांदीच्या शेंड्यातल्या पेशींची लवकं हिरवी होऊच शकत नाहीत, आणि शेंड्यापासून पुढे जन्मणारी प्रत्येक पेशी त्यांचीच वंशज. गच्चीवर नेलंत तर पांढरं पान हिरवं होणार नाही, करपेल. पानातली रंगद्रव्यं नुसती ऊन खात नाहीत, जादा ऊन निरुपद्रवी करून सोडतातही. कोऱ्या पानाला ते संरक्षण नाही.

बिघाड नेमका कुठला हे मात्र झाडागणिक वेगळं. कधी लवकाच्या स्वतःच्या डीएनएत, कधी केंद्रकातल्या जनुकात. काही झाडांत तर ठिपके विषाणूमुळे पडतात.

आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ते पान आयत्यावर जगतंय. हिरव्या पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून त्याच्यापर्यंत जाते. त्याची तंतुकणिका ती साखर वापरून ऊर्जा काढतात.

पारिजात_मुलुंड
मास्तर, एक मिनिट. "त्याची तंतुकणिका"? मुलगा आठवीत आहे, "पेशी व पेशीअंगके" चालू आहे. तो सरळ पाठ करतोय की वनस्पती पेशीत हरितलवक असतं आणि प्राणी पेशीत तंतुकणिका. क्लासमधल्या नोट्समध्येही दोन रकाने तसेच आखलेत. मग पांढऱ्या पेशीत नक्की काय असतं? हरितलवक गायब होऊन तिथे पोकळी असते का?

निवृत्त_मास्तर
ते रकाने ज्यांनी आखले त्यांना माझा नमस्कार कळवा.

तंतुकणिका दोघांतही असतात. वनस्पती दिवसा साखर बनवते म्हणून तिला श्वसन चुकत नाही. मुळातल्या पेशी जन्मभर अंधारात असतात, त्यांचं काम तंतुकणिकांशिवाय कसं चालणार? हिरव्या पेशीत दोन्ही शेजारी शेजारी नांदतात.

पांढऱ्या पेशीत पोकळी वगैरे नसते. पातळ पटलांनी वेढलेलं केंद्रक आहे. त्याला लागून अंतर्द्रव्यजालिका, तिथे प्रथिनं घडतात. गॉल्गी पिंड त्यांची बांधाबांध करून पाठवणी करतो. भोवती पेशीभित्तिका आहे. मध्ये रिक्तिका असते आणि ती एवढी मोठी की पूर्ण वाढलेल्या पेशीचा बहुतेक सगळा भाग तिनेच व्यापलेला असतो, बाकीच्यांना कडेकडेने पातळ थरात राहावं लागतं. पुस्तकातल्या आकृतीत सगळी अंगकं ऐसपैस विखुरलेली दाखवतात, त्यामुळे मुलांचा समज होतो की पेशी म्हणजे मोकळं मैदान.

आणि लवकंही आहेत! फक्त त्यांत हरितद्रव्य नाही. हे लोकांना पटत नाही. लवकाचं काम साखर बनवण्यापुरतं नाही. वनस्पतीची बरीचशी मेदाम्लं आणि अनेक अमिनो आम्लं लवकांतच तयार होतात, त्यामुळे लवकांवाचून वनस्पती पेशीचं भागत नाही. बटाट्यात तीच लवकं स्टार्च साठवतात. बटाटा उजेडात राहिला की हिरवा पडतो तो त्यांचंच हरितलवकात रूपांतर झाल्यामुळे. (हिरवा रंग स्वतः विषारी नाही, पण त्याच वेळी सोलॅनिन वाढतं, म्हणून तो भाग काढून टाकायचा.) हिरवा टोमॅटो लाल होतो तेव्हा उलटा प्रवास: हरितलवकाचं वर्णलवक.

मुलाला खरंखुरं दाखवा. अक्वेरियमच्या दुकानातून हायड्रिलाची काडी आणा. पान जेमतेम दोन थरांचं असतं, कापावं लागत नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात ठेवलं की हिरवे दाणे स्पष्ट दिसतात. एकेक दाणा साधारण ५ मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ओळीने २०० मावतील. जरा वेळ बघत राहिलं तर ते पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. बहुतेक पानांमध्ये उजेड कमी असेल तर हरितलवकं उजेडासमोर पसरतात आणि ऊन कडक झालं की बाजूच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या आडोशाला जातात.

पारिजात_मुलुंड
हायड्रिला आणते. नोट्सचे रकाने मी आत्ताच पेनाने खोडले.

वटवाघूळ
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या सोसायटीच्या आवारात पिंपळ आहे, पार्किंगसाठी तोडायचं चाललंय. वाचवणाऱ्यांचा मुख्य मुद्दा: पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतो. खरं आहे का?

निवृत्त_मास्तर
नाही. पिंपळ जरूर वाचवा, पण या मुद्द्यावर नको, समोरचा एखादा शिकलेला निघाला तर हराल.

ऑक्सिजन येतो पाण्यातून. पूर्वी समज होता की तो कार्बन डायऑक्साइडमधून येतो. १९३७ मध्ये रॉबिन हिलने पानातून वेगळी काढलेली हरितलवकं उजेडात ठेवली, कार्बन डायऑक्साइड न देता इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा पदार्थ दिला, तरी ऑक्सिजन आला. १९४१ मध्ये रूबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरलं आणि बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला. हरितलवकाच्या आत चपट्या पिशव्यांच्या चळती असतात, त्या पिशव्यांना थायलकॉइड म्हणतात. पाणी फुटतं ते त्यांच्या पटलावर, आणि फोडायला प्रकाश लागतो. प्रकाश नाही, तर पाणी फुटणार नाही, ऑक्सिजन नाही. झाड पिंपळ असो की बाभूळ.

कोरफड, अननस, ब्रह्मकमळ यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, बहुधा अफवेचं मूळ तिथेच असावं. ही झाडं पाणी वाचवायला रात्री पर्णरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात रिक्तिकेत साठवतात आणि दिवसा दारं बंद करून त्याची साखर करतात. पण पाणी फोडण्याचं काम तेही दिवसाच करतात.

वटवाघूळ
मग सावली, पक्षी आणि महापालिकेची वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हे तीन मुद्दे घेतो. तिसरा सगळ्यात भारी पडेल.

शंकासूर
मास्तर, "लवकाच्या स्वतःच्या डीएनएत" असं तुम्ही मघाशी जाता जाता म्हणालात. डीएनए केंद्रकात असतो ना? पेशीच्या एका अंगकाला वेगळा डीएनए कशासाठी?

निवृत्त_मास्तर
कारण ते मूळचं अंगक नाही. बाहेरून आलेलं आहे.

पावसाळ्यात आपल्या इमारतींच्या भिंतींवर काळपट-हिरवा थर धरतो, त्यात सायनोबॅक्टेरिया असतात. जुन्या पुस्तकांत त्यांना नीलहरित शैवाल म्हणायचे. हे जीवाणू, म्हणजे आदिकेंद्रकी, केंद्रक नसलेले. यांच्याच एका पूर्वजाला शंभर कोटी वर्षांपेक्षाही आधी एका दृश्यकेंद्रकी पेशीने गिळलं आणि ते पचलं नाही, आतच राहिलं, विभागत राहिलं. आज मनी प्लांटपासून वडापर्यंत जे हरितलवक दिसतं ते त्याचं वंशज.

मेरेश्कोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे १९०५ मध्ये लिहिलं होतं, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी तंतुकणिकांसकट हा विचार पुन्हा मांडला, त्यांचा लेख पंधराच्या आसपास नियतकालिकांनी परत पाठवला होता. पण तोवर पुरावे जमायला लागले होते. १९६२ मध्ये हरितलवकात डीएनएचे धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. तिथले रायबोझोम, म्हणजे प्रथिनं घडवणारे कण, जीवाणूंच्या मापाचे निघाले. १९८६ मध्ये जपानमध्ये तंबाखूच्या हरितलवकाचा डीएनए पूर्ण वाचला गेला, सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरांचा.

टवाळ_दादरकर
म्हणजे हरितलवक हा पागडीचा भाडेकरू. पिढ्यान् पिढ्या राहतोय, स्वतःचं मीटर आहे, मालक काढू शकत नाही.

निवृत्त_मास्तर
दादरकर, तुम्ही चेष्टेने म्हणालात, पण बरंच जुळतंय. फक्त या भाडेकरूने आपली बहुतेक कागदपत्रं मालकाच्या कपाटात नेऊन ठेवलीत. सायनोबॅक्टेरियाकडे हजारो जनुकं असतात. हरितलवकाकडे उरलीत साधारण १२०. बाकी काही हरवली, बरीच केंद्रकात गेली. हरितलवकाला लागणारी बहुतेक प्रथिनं आता केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर तयार होतात आणि मग दुहेरी पटलातून आत आणली जातात.

सर्वात गमतीचं उदाहरण म्हणजे रुबिस्को. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं विकर हेच, पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांत त्याची गणना होते. त्याचे आठ मोठे तुकडे आणि आठ लहान तुकडे. मोठ्यांचं जनुक हरितलवकात, लहानांचं केंद्रकात. दोघांनी आपापला हिस्सा पाठवल्याशिवाय विकर उभंच राहत नाही. आणि एवढं करून ते काम करतं गोगलगायीच्या गतीने, सेकंदाला जेमतेम काही रेणू. त्यात अधूनमधून कार्बन डायऑक्साइड समजून ऑक्सिजनच पकडतं, मग ती चूक निस्तरायला हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि तंतुकणिका तिघांना धावपळ करावी लागते. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी हा घोळ टाळायची वेगळी सोय करून घेतली आहे, म्हणून कडक उन्हात ती भातापेक्षा सरस ठरतात.

पकडलेला कार्बन पुढे कुठल्या क्रमाने जातो हे कॅल्व्हिन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडलं. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्व्हिनला मिळालं. बेन्सनचं नाव त्यात नाही हे मला अजून खटकतं. वर्गात मी कॅल्व्हिन-बेन्सन चक्र असंच शिकवायचो.

आणि तुमची पागडी एका जागी तुटते. पागडीवाला गेला तर मालक पेढे वाटतो. इथे भाडेकरूचं बिनसलं की मालक उपाशी. शिवाय मालकाला नवा भाडेकरू ठेवता येत नाही. लवक शून्यातून तयार होत नाही, आधीच्या लवकाचं विभाजन होऊनच नवं येतं. केंद्रकात कितीही जनुकं असली तरी एकदा शेवटचं लवक गेलं की संपलं.

स्टेथोस्कोप
वाचतेय आणि राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे पावसाळ्यात मलेरियाचे रुग्ण येतात. त्या मलेरियाच्या परजीवीतही एक लवक असतं, ॲपिकोप्लास्ट नावाचं. हिरवं नाही, प्रकाशसंश्लेषण शून्य. रक्तपेशीत बसून उजेड करायचाय काय? पण चार पटलं आहेत आणि सुमारे ३५ हजार अक्षरांचा स्वतःचा डीएनए आहे. चार पटलं का, तर परजीवीच्या पूर्वजाने सायनोबॅक्टेरिया नाही, लवक असलेलं अख्खं शैवालच गिळलं. घरात घर.

काही आवश्यक रसायनं परजीवी तिथेच बनवतो, म्हणून सोडता येत नाही. आणि तिथले रायबोझोम मास्तर म्हणतात तसे जीवाणूंच्या धाटणीचे, म्हणून डॉक्सिसायक्लिनसारखं जीवाणूंवरचं औषध मलेरियावर चालतं. पण ते सावकाश चालतं. औषध मिळालेला परजीवी लगेच मरत नाही, त्याच्या पुढच्या पिढीला धड लवक मिळत नाही आणि ती मरते. म्हणून उपचारात ते एकटं देत नाहीत, जोडीला दुसरं जलद औषध लागतं. हे वाचून कुणी घरात पडलेल्या गोळ्या घेऊ नका, ताप आला तर आधी रक्त तपासा.

टवाळ_दादरकर
डासात परजीवी, परजीवीत शैवाल, शैवालात जीवाणू. आणि आम्ही वन रूम किचनमध्ये पाचजण राहतो म्हणून तक्रार करतोय.

शंकासूर
डीएनए, रायबोझोम सगळं मान्य. पण ते प्रयोगशाळेतलं. लवकाचा वंश वेगळा चालतो हे माझ्यासारख्याला डोळ्यांनी दिसेल असं काही आहे का?

निवृत्त_मास्तर
आहे, आणि गुलबक्षीवर आहे.

कार्ल कोरेन्स हे नाव बारावीला येऊन गेलं असेल, १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा शोधून काढणाऱ्या तिघांतले एक. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी येते, ती अपूर्ण प्रभाविता, ते उदाहरण आपण सगळ्यांनी घोकलंय. त्याच कोरेन्स यांच्याकडे गुलबक्षीची अशी झाडं होती की एकाच झाडावर काही फांद्या पूर्ण हिरव्या, काही कोऱ्या पांढऱ्या, काही मिश्र. ताईंच्या मनी प्लांटसारखीच, फक्त गुलबक्षीला फुलं येतात. मनी प्लांट कुंडीत सहसा फुलत नाही, सगळा कारभार कटिंगवर, त्यामुळे त्याच्याकडून हे कळलं नसतं.

कोरेन्स यांनी या फांदीच्या फुलाचे पराग त्या फांदीच्या फुलावर असे सगळे संकर केले. मेंडेलच्या हिशोबाने आई-बाप दोघांचा वाटा दिसायला हवा होता. दिसलं भलतंच. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पराग कुठल्याही फांदीचे द्या, रोपं हिरवी. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला पराग हिरव्या फांदीचे दिले तरी रोपं पांढरी, आणि बीमधला साठा संपला की मेली. मिश्र फांदीवरच्या फुलापासून तिन्ही प्रकारची रोपं, कुठल्याही ठरावीक प्रमाणाशिवाय. बापाचा काडीचा संबंध नाही. फूल ज्या फांदीवर, त्या फांदीचा रंग. हे १९०९ मध्ये प्रसिद्ध झालं.

कारण असं की बीजांडातल्या अंडपेशीत लवकं भरपूर असतात, परागातून येणाऱ्या नरपेशीबरोबर ती सहसा येत नाहीत किंवा टिकत नाहीत. म्हणजे झाडाचं केंद्रक आई-बाप दोघांचं, पण हरितलवकाचा वंश एकट्या आईकडून. मिश्र फांदीतल्या अंडपेशीत चांगली आणि बिघडलेली दोन्ही लवकं असू शकतात. पुढे पेशी विभागताना कुणाच्या वाट्याला कुठली जातील हे नशिबावर. जिथे सगळी बिघडलेलीच गेली तिथून पांढरा पट्टा, आणि तो शेंड्यात पोचला तर पांढरी फांदी.

त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी बागेतल्या जिरेनियमवर हे काम केलं. त्या झाडात बापाकडूनही लवकं येतात, त्यामुळे निकाल वेगळे आले. पण हे सगळं लवकांच्या वारशामुळे होतंय हा अंदाज बाउर यांचा बरोबर होता. कोरेन्स यांना तसं वाटत नव्हतं. पाइन, देवदारांत तर उलटंच, तिथे लवकं बापाकडून येतात.

मी कित्येक वर्षं शिकवलं तेव्हा हा प्रयोग अभ्यासक्रमात असूनही दोन ओळींत उरकला जायचा, आणि परीक्षेला यायचा "टिपा लिहा" म्हणून. वास्तविक लाल-गुलाबीपेक्षा ही गोष्ट कितीतरी जास्त सांगते.

शेतकरी_मनाने
सर, यावरून आठवलं. मक्यात आणि उसात तणनाशक म्हणून ॲट्राझीन मारतात. ते गवतावर चालेनासं होतं ते या लवकातल्याच बदलामुळे का? भाऊ गावाकडे शेती करतो, त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

निवृत्त_मास्तर
एक प्रकार तसा आहे. ॲट्राझीन थायलकॉइडच्या पटलावरच्या एका प्रथिनाला चिकटतं आणि इलेक्ट्रॉनची वाट अडवतं. त्या प्रथिनाचं जनुक हरितलवकात आहे. त्यात एक अक्षर बदललं की औषध चिकटत नाही, तण जगतं. आणि हा गुण परागातून पसरत नाही, आईच्या बियांतून पसरतो. म्हणून वाचलेलं तण बी धरायच्या आत उपटणं महत्त्वाचं. पण तणं दुसऱ्या मार्गांनीही औषध पचवतात, मक्याचं पीक स्वतः तेच करतं, म्हणूनच ते जगतं. भावाच्या शेतात नेमकं काय ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, कृषी विज्ञान केंद्रात नमुना दाखवू द्या.

ग्रिलमधली_बाग
बापरे, मी कुंडीचं विचारायला आले होते.

छाटायचं ठरवलं आहे. नर्सरीवाल्यांनी सांगितलं तसं मागे मागे गेले तर चौथ्या पेरावर अर्धं हिरवं पान आणि सालीवर रेघ सापडली. उद्या कात्री. नवऱ्याचा व्यवसाय सुरू होण्याआधीच बसला. काकूंना शिरांचं समजावलं, त्या म्हणाल्या खिळा पुरल्याने नुकसान तर नाही ना.

मास्तर, गुलबक्षी ग्रिलमध्ये येईल का? आणि अशी पांढऱ्या फांद्यांची कुठे मिळते?

नेरळचा_नर्सरीवाला
गुलबक्षीला दिवसाचं निदान चार-पाच तास ऊन लागतं, तुमच्या ग्रिलमध्ये झाड लांबट होईल आणि फुलणार नाही. गच्चीवर ठेवा. हिरव्या-पांढऱ्या पानांची गुलबक्षी कधीमधी बियांतून निघते, मुद्दाम मागितलीत तर मिळेल असं नाही. वाडीत कुठे दिसली तर बिया धरून ठेवतो. फांदीनुसार वेगळ्या पुड्यांत, म्हणजे मास्तरांचा प्रयोग होईल.

शंकासूर
पुड्या दोन संच करा. एक मला.

निवृत्त_मास्तर
प्रत्येक पुडीवर फांदीचा रंग लिहा, फुलाचा नव्हे. आणि फुलं संध्याकाळी चारनंतर उमलतात, परागण मुद्दाम करायचं असेल तर त्याआधीच कळीतले परागकोश काढून टाका. नाहीतर आपल्याच फुलाचे पराग पडतात आणि तुम्ही कुठून आणले याला अर्थ राहत नाही.

स्टेथोस्कोप
बिया विषारी असतात, मुळंही. काळ्या, खरखरीत, दिसायला मिरीच. पुड्या स्वयंपाकघरात ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर वरच्या फळीवर टाका.